डिलक्स एडिशन घ्यावी का? आधी आतला माल सुटा करून पाहा

प्रश्न थोडक्यात असा: एक मोठा सिंगल-प्लेअर रोल-प्लेइंग गेम येतोय. साध्या एडिशनपेक्षा डिलक्सची किंमत जवळपास निम्म्याने जास्त आहे. त्या जास्तीच्या पैशांत तीन दिवस आधी खेळायला मिळणार, दोन पोशाख, एक खास तलवार, डिजिटल आर्टबुक, साउंडट्रॅक आणि पुढे कधीतरी येणारं पहिलं एक्सपान्शन, म्हणजे गेमला नंतर जोडलेला नवा मोठा भाग. प्री-ऑर्डरची मुदत संपत आलीय. घेऊन टाकावी का?

माझं उत्तर: साधी घ्या. गेम आवडला, संपला आणि तरी मन भरलं नाही, तर त्या दिवशी एक्सपान्शन घ्या, नाहीतर डिलक्स अपग्रेड, म्हणजे साध्या एडिशनवर डिलक्सचा उरलेला माल, घ्या. मोठ्या गेमचं अपग्रेड बहुतेक वेळा वेगळं विकत मिळतं आणि पुढे सेलमध्ये स्वस्तही होतं. मुदत संपते ती फक्त प्री-ऑर्डर बोनसची, म्हणजे एखादी टोपी किंवा शस्त्र. डिलक्समधला माल रिलीजनंतरही विकायला असतोच. दुकानाच्या पानावर या दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात, म्हणून गल्लत होते आणि माणूस उगाच घाईला येतो.

अपवाद आहेत, ते पुढे सांगतोच. मी बरीच वर्षं गेम टेस्टिंगमध्ये काढली आहेत, त्यामुळे हा माल तयार कसा होतो ते आधी सांगतो. ते कळलं की यादीकडे बघायची नजर आपोआप बदलते.

गेम बाजारात यायच्या काही महिने आधी ‘कंटेंट लॉक’ होतो. म्हणजे आता नवं काही घालायचं नाही, फक्त बग, म्हणजे चुका, काढायचे. मग बिल्ड, म्हणजे गेमची त्या वेळची तयार आवृत्ती, कन्सोल कंपन्यांकडे सर्टिफिकेशनला, म्हणजे तपासून मंजुरीला, जातं. या काळात प्रोग्रामर आणि टेस्टर यांना मान वर करायला फुरसत नसते, पण कॅरेक्टर आर्टिस्ट आणि कॉन्सेप्ट आर्टिस्ट यांचं मुख्य काम उरकलेलं असतं. पुढच्या प्रोजेक्टला अजून वेळ असतो. मग असलेल्या चिलखताला नवं टेक्श्चर (वरचा रंग-पोत), असलेल्या तलवारीला नवी मूठ आणि थोडा चकाकणारा इफेक्ट. मॉडेल तेच, ॲनिमेशन तेच, त्यामुळे तपासायलाही फारसं काही नसतं. आर्टबुकातली चित्रं तर दोन-तीन वर्षांपूर्वीच काढून झालेली असतात आणि संगीत गेमसाठी रेकॉर्ड झालेलंच असतं. म्हणजे डिलक्समधला बराचसा माल कंपनीकडे आधीच पडून असतो. यात फसवणूक वगैरे काही नाही. काही लोक त्याच गेमला जास्त पैसे मोजायला तयार असतात, त्यांच्यासाठी वरची एक पायरी बांधलेली असते, एवढंच. तुम्ही त्या लोकांपैकी आहात का, हे मात्र स्वतःला विचारायला हवं.

पोशाखांचा निकाल पटकन लावतो. गेम फर्स्ट-पर्सन, म्हणजे नायकाच्या डोळ्यांतून दिसणारा, असेल तर तुमचे कपडे तुम्हालाच दिसत नाहीत. थर्ड-पर्सन, म्हणजे नायक समोर दिसणारा, असेल तर दिसतात, पण चांगल्या रोल-प्लेइंग गेममध्ये पहिल्या दहा तासांत त्याहून देखणं काहीतरी सापडतंच. ऑनलाइन खेळत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे मिरवायला समोर माणसं असतात. २००६ च्या एप्रिलमध्ये बेथेस्डा या गेम कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’साठी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा लोकांनी केवढी टर उडवली होती. आता तसला घोडा डिलक्सच्या यादीत तिसऱ्या ओळीवर असतो आणि कुणाला काही वाटत नाही.

तलवारीबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे नुसते पैसे जात नाहीत, गेमच बिघडू शकतो.

रोल-प्लेइंग गेमचे पहिले काही तास फार काळजीपूर्वक बेतलेले असतात. हातात गंजकी सुरी, खिशात चार नाणी, समोरचा साधा लांडगासुद्धा जड जातोय. मग पहिली बरी तलवार मिळते आणि तोच लांडगा दोन फटक्यांत पडतो. ते सुख डिझायनरने मोजून-मापून तिथे ठेवलेलं असतं. शत्रूची ताकद, दुकानातले भाव, पेटीतून काय निघणार, हे सगळं साध्या एडिशनवर खेळून ठरवलेलं असतं. बोनसचं शस्त्र या हिशेबात नंतर येऊन बसतं. मग दोनच शक्यता उरतात. शस्त्र जोरदार ठेवलं तर सुरुवातीची सगळी धडपड पोकळ होते. पेटी उघडायची उत्सुकताच जाते, कारण आत जे असेल ते तुमच्या हातातल्यापेक्षा हलकंच असणार. कमजोर ठेवलं तर तिसऱ्या तासाला ते विकून टाकता. बॅलन्सवाले लोक बहुधा दुसरा मार्ग धरतात, कारण त्यात तक्रारी कमी येतात.

याचं ठळक उदाहरण म्हणजे २०१० चा ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’. प्री-ऑर्डर कुठल्या दुकानात केली त्यावर चार वेगवेगळे पॅक मिळत. पुढच्या वर्षी ते चारही ‘कुरिअर्स स्टॅश’ नावाने एकत्र विकायला आले. हा पॅक असेल तर नवा खेळ सुरू केल्यावर स्क्रीनवर एकामागून एक सूचना येतात आणि तुमच्या थैलीत चिलखतं, ग्रेनेड रायफल, औषधं येऊन पडतात. गोष्ट काय आहे? डोक्यात गोळी घालून वाळवंटात पुरलेला एक निरोप्या कसाबसा वाचलाय, त्याच्याकडे काही म्हणजे काही नाही. आणि हा पठ्ठ्या पहिल्याच गावात ग्रेनेड रायफल घेऊन हिंडतोय. त्याहून गंमत ‘व्हॉल्ट १३’च्या पाण्याच्या बाटलीची. या गेममध्ये हार्डकोर मोड आहे. त्यात तहान, भूक, झोप सांभाळावी लागते आणि तहान हा त्यातला जीव. ही बाटली थैलीत असेल तर ठरावीक वेळाने तहान आपोआप कमी करते. ज्याने कठीण खेळ हवा म्हणून हार्डकोर निवडला, त्याच्या हातात पहिल्याच मिनिटाला त्याचं उत्तर ठेवलेलं. मी ओळखतो ते बहुतेक जुने खेळाडू हा सगळा माल पहिल्याच पेटीत टाकून पुढे जातात. म्हणजे पैसे देऊन घ्यायचं आणि मग पेटीत पुरून ठेवायचं.

अनुभवाचे गुण जलद मिळवून देणारे बूस्टर आणि सुरुवातीलाच दिलेले स्किल पॉइंट याच जातीचे. गेमचा वेग नीट बेतलेला असेल तर बूस्टर तो बिघडवतो. बूस्टरशिवाय गेम कंटाळवाणा होत असेल, तर आधी तो गेमच घ्यावा का ते बघा.

आता तीन दिवस आधी खेळायला मिळण्याबद्दल. याच्याइतकी हुशारीने विकलेली वस्तू या धंद्यात दुसरी नाही. ‘स्टारफील्ड’ प्रीमियमवाल्यांना १ सप्टेंबर २०२३ ला मिळाला, बाकीच्यांना ६ ला. ‘हॉगवर्ट्स लेगसी’ त्याच वर्षी डिलक्सवाल्यांना ७ फेब्रुवारीला आणि इतरांना १० ला. पाहिजे तर असंही म्हणा, की गेम पहिल्या तारखेलाच तयार होता आणि साध्या एडिशनवाल्यांना थांबवून ठेवलं. आणि हे पहिले दिवस म्हणजे गेमच्या सगळ्या आयुष्यातले सर्वांत कच्चे दिवस. खऱ्या गर्दीत सर्व्हर पहिल्यांदाच चाललेले असतात आणि आम्ही नजरेआड केलेले बग हजारो लोकांना एकदम दिसायला लागतात. जानेवारी २०२४ मध्ये ‘सुइसाइड स्क्वाड: किल द जस्टिस लीग’ डिलक्सवाल्यांसाठी आधी उघडला, तर काहींना लॉग-इन करताच पूर्ण कथा संपलेली दिसली. बग काढायला सर्व्हर कित्येक तास बंद ठेवावे लागले. जास्त पैसे भरलेल्यांना भरपाई म्हणून वीस डॉलरचं गेममधलं चलन मिळालं. ‘कॉन्कॉर्ड’ची तऱ्हा आणखी वेगळी. तो ऑगस्ट २०२४ मध्ये डिलक्सवाल्यांना २० तारखेला आणि सगळ्यांना २३ ला मिळाला, आणि ६ सप्टेंबरला बंदच पडला. पैसे परत मिळाले, हे खरं. पण तीन दिवसांची आघाडी घेऊन उपयोग काय झाला?

इथे रिफंडचाही एक मुद्दा आहे. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. पूर्वी रिलीजआधीच्या या दिवसांतला खेळ त्या दोन तासांत धरला जात नसे, त्यामुळे काही लोक अख्खा गेम संपवून पैसे परत मागत. एप्रिल २०२४ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने ही फट बुजवली. आता पहिल्या मिनिटापासून घड्याळ चालू असतं. प्लेस्टेशनवर नियम आणखी कडक. डिजिटल गेम डाउनलोड करायला घेतला की साधारणपणे परतीचा रस्ता बंद. तेव्हा आधी घेऊन बघू, नाही जमलं तर परत करू, असा बेत असेल तर तो किती तग धरेल ते आधीच तपासा.

तरीही हे तीन दिवस कुणाला उपयोगी नाहीत असं नाही. चार मित्र एकत्र खेळणार आहात, चौघांनी घेतलंय आणि सुट्टी नेमकी त्याच दिवसांत पडलीय, तर खुशाल घ्या. कथा कुणी आधीच फोडेल याची फार धास्ती असेल तरीही समजू शकतो. तुमचा गेम सिंगल-प्लेअर आहे, तुम्ही एकटेच खेळणार आहात. तीन दिवसांनी तो पळून जाणार नाही, उलट तोवर बग दुरुस्त करणारा एखादा पॅच आलेला असेल. या विक्रीला लोक वैतागलेत हे कंपन्यांनाही कळलंय. युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ पुढे ढकलला तेव्हा त्याचा सीझन पास (पुढे येणारी भर आगाऊ एकत्र विकणं) आणि आधी खेळायला देण्याची योजना, दोन्ही रद्द केलं, आधी घेतलेल्या प्री-ऑर्डरचे पैसे परत केले आणि नव्याने प्री-ऑर्डर करणाऱ्यांना पहिलं एक्सपान्शन फुकट द्यायचं जाहीर केलं. ज्यांनी मधल्या काळात महागडी एडिशन घ्यायची घाई केली नाही, त्यांचं काहीच बिघडलं नाही.

आर्टबुक आणि साउंडट्रॅक या दोन गोष्टींवर माझा जीव आहे. तेव्हा यात मी थोडा पक्षपाती आहे असं धरून चाला. चांगल्या आर्टबुकात गेममध्ये कधीच न आलेल्या गोष्टी असतात: नायिकेचे फेटाळलेले चेहरे, कापून टाकलेलं अख्खं शहर, राक्षसाच्या सहा आवृत्त्या आणि शेजारी आर्टिस्टच्या टिपा. पण डिजिटल आर्टबुक म्हणजे नेमकं काय ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. कधी सरळ पीडीएफ मिळते, कधी गेमच्या मेनूतच एक खिडकी उघडते. त्यात पान हवं तेवढं मोठं करता येत नाही आणि चित्र बघायला प्रत्येक वेळी अख्खा गेम सुरू करावा लागतो. आणखी एक: आर्टबुक गेम संपवल्यावरच उघडा, त्यात शेवटचा राक्षस दुसऱ्याच प्रकरणात दिसू शकतो. साउंडट्रॅकचंही तसंच. ‘निवडक’ असं लिहिलं असेल तर मोजके तुकडे मिळणार. फाइल मिळते की कन्सोलवरच ऐकावं लागतं, हेही बघा. स्टीमवर २०२० पासून साउंडट्रॅक स्वतंत्र विकत घेता येतो, त्यासाठी गेम आपल्याकडे असायचीही गरज नाही. म्हणजे संगीतच हवं असेल तर त्यापायी पोशाख आणि तलवार गळ्यात घालून घ्यायचं कारण नाही.

आणि हे सगळं साध्या एडिशनबरोबरही देता येतं. ‘द विचर ३’ २०१५ मध्ये आला तेव्हा साध्या डब्यातच नकाशा, स्टिकर, छोटी माहितीपुस्तिका आणि साउंडट्रॅकची सीडी होती. वर सोळा छोटे डीएलसी, म्हणजे डाउनलोड करायची जादा भर, सगळ्यांना फुकट. ‘बाल्डर्स गेट ३’ने दुसरी रीत धरली. त्यांनी अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट गेमवर, ज्यांनी विश्वास टाकला होता त्यांना ऑगस्ट २०२३ च्या रिलीजवेळी डिलक्सचा माल तसाच देऊन टाकला. त्यात आर्टबुक आणि साउंडट्रॅकबरोबर आधीच्या ‘डिव्हिनिटी’ गेममधली गाणी आणि फासे होते. जुन्या खेळाडूला ते बघून बरं वाटतं, खेळात मात्र त्याने काही उलथापालथ होत नाही. बोनस असावा तर असा.

राहिलं एक्सपान्शन. तुमच्या यादीत खऱ्या किमतीची गोष्ट हीच आहे आणि धोकाही इथेच. प्री-ऑर्डर करताना एक्सपान्शन लिहून झालेलं असेलच असं नाही. बाजारात तुरी असाच तो प्रकार. ‘स्टारफील्ड’चा हिशेब बघा. तेव्हा साधी एडिशन ७० डॉलर होती, प्रीमियम १००. वरच्या तीस डॉलरमध्ये ‘शॅटर्ड स्पेस’ हे एक्सपान्शन. ते आलं ३० सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे वर्ष उलटून गेल्यावर, आणि सुटं विकायला आलं तेव्हा किंमत तीसच डॉलर. आगाऊ पैसे भरून एक पैसाही वाचला नाही, मिळालं ते पाच दिवस आधी खेळणं, आर्टबुक, साउंडट्रॅक आणि स्किन (नुसतं रूप बदलणारा माल). मधल्या वर्षभरात अनेकांचा त्या गेममधला रस संपला होता आणि एक्सपान्शन आल्यावर स्टीमवरचे अभिप्रायही फारसे बरे नव्हते. जे थांबले ते अभिप्राय वाचून ठरवू शकले. ‘रेडफॉल’मध्ये तर तेही नाही. त्याच्या महागड्या ‘बाइट बॅक’ एडिशनमध्ये पुढे दोन नवे नायक देण्याचं आश्वासन होतं. मे २०२३ मध्ये गेम आला, वर्षभराने तो बनवणारा स्टुडिओच बंद झाला आणि नायक आलेच नाहीत. त्या भागाचे पैसे परत द्यावे लागले. याउलट ‘एल्डन रिंग’ फेब्रुवारी २०२२ मध्ये आला तेव्हा त्याच्या डिलक्समध्ये फक्त आर्टबुक आणि साउंडट्रॅक होता. एक्सपान्शन जून २०२४ मध्ये आलं, तेव्हा ज्याला हवं त्याने घेतलं. मला हा व्यवहार स्वच्छ वाटतो.

आता अपवाद. फायटिंग गेम असेल तर मी उलटा सल्ला देईन. ‘स्ट्रीट फायटर ६’च्या डिलक्समध्ये पहिल्या वर्षाचे चार लढवय्ये होते: रशीद, ए.के.आय., एड आणि अकुमा. स्पर्धेत उतरणाऱ्याला समोरच्याचा डाव ओळखायचा तर तो लढवय्या स्वतः हाताळून बघावाच लागतो, त्यामुळे तिथे या लढवय्यांचा पास ही गरज होते. कोण येणार तेही नावानिशी जाहीर असतं. त्याच गेमची त्याहून महाग अल्टिमेट एडिशन मात्र मुख्यतः जास्तीचे पोशाख, रंग आणि स्टेज देते, ती बहुतेकांनी सोडून द्यावी. रेसिंगमध्ये ‘फोर्झा होरायझन ५’सारखा गेम तुम्ही वर्षानुवर्षं खेळणारच असाल, तर दोन एक्सपान्शन आणि गाड्यांचा पास एकत्र घेणं परवडतं.

दुसरा अपवाद म्हणजे कथेचा महत्त्वाचा तुकडाच महागड्या एडिशनमध्ये नेऊन ठेवलेला असतो तेव्हा. ‘मास इफेक्ट ३’ मार्च २०१२ मध्ये आला. त्यात जाविक हा साथीदार पहिल्याच दिवसापासून वेगळ्या डीएलसीत होता. कलेक्टर्स आणि डिजिटल डिलक्सवाल्यांना तो आपसूक मिळाला, बाकीच्यांना दहा डॉलर. हा गडी म्हणजे पहिल्या भागापासून ज्यांच्या खुणा शोधत आलो त्या नामशेष प्रोथियन वंशाचा उरलेला माणूस. त्याच्याशिवाय गेम पुरा होतो, पण त्याला घेऊन खेळलं की अर्धे संवाद वेगळेच लागतात. असं काही असेल तर पैसे द्यावेत, आणि जमेल तितक्या शिव्याही द्याव्यात. तरी तिथेसुद्धा सुटा डीएलसी घेता येत होताच.

डब्यातल्या कलेक्टर्स एडिशनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून दोनच ओळी. ‘फॉलआउट ७६’च्या दोनशे डॉलरच्या एडिशनमध्ये कॅनव्हासची पिशवी म्हणून सांगितलं आणि नायलॉनची दिली. ओरड झाल्यावर आधी थोडं गेममधलं चलन देऊ केलं, नंतर खऱ्या पिशव्या पाठवाव्या लागल्या. ‘स्टारफील्ड’च्या घड्याळवाल्या डब्यात तर डिस्कच नव्हती, कोड होता. डब्याचा फोटो बघून भुलू नका, खालच्या बारीक अक्षरांतली यादी वाचा.

परत तुमच्या गेमकडे येतो. तुमच्या यादीतले पोशाख आणि तलवार शून्य किमतीची धरा. तीन दिवस तुमच्या परिस्थितीत फारसे कामाचे नाहीत. एक्सपान्शनची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. जाहीरच झाली नसेल तर वर्ष-दीड वर्ष धरूनच चाला, आणि तोवर संपूर्ण एडिशन सेलमध्ये उतरलेली असण्याची शक्यता चांगली. एक्सपान्शन नेमकं किती मोठं, नवा प्रदेश आहे की नुसत्या चार मोहिमा, हेही पानावर नसेल, तर आत्ता तुम्ही नक्की काय विकत घेताय हे विकणाऱ्यालाही धड ठाऊक नसण्याची शक्यता आहे. उरलं आर्टबुक आणि साउंडट्रॅक. त्याच पानावर खाली ‘ॲड-ऑन’ असा भाग असतो, तिथे साउंडट्रॅक सुटा दिसतोय का बघा. दिसत असेल तर गेम संपल्यावर तेवढाच घ्या. सुटा नसेल आणि फक्त डिलक्स अपग्रेडमध्येच मिळत असेल, तर ते विशलिस्टमध्ये टाकून ठेवा. सेल लागला की मेल येईल.